जांभळ्या पोटाचा बेडूक

“हॉलिस म्हणे या शनिवारनंतर बोट—”

एवढंच कानावर पडलं आणि दारावरची घंटा वाजली. बोलणारा डेविट गप्प झाला, ऐकणारी इमोजीन बर्फाच्या पेटीत उगाच हात घालून बसली. आत आला तो खुद्द हॉलिस! आता सांगा, खिळ्याला टांगलेल्या माणसाने काय करावं? बोट काय? विकणार? फुंकून टाकणार? कुणाला देणार? अर्धी भाकरी परवडली, पण अर्धी बातमी पोटात घेऊन लटकत राहणं म्हणजे जिवाला नुसता घोर.

माणूस म्हणालो खरा, पण मी बेडूक बोलतोय. रबराचा, आतून पोकळ, मासे पकडायचा बेडूक. साच्यातून निघालो तेव्हा निव्वळ पांढरा होतो. मग कुणीतरी पाठीवर तपकिरी-हिरवे ठिपके फवारले, पोट तसंच पांढरं ठेवलं. मागून दोन गळ खुपसले. ते पाठीला चिकटून वर वळलेले, म्हणजे पाणगवतात अडकायला नकोत. पायांच्या जागी रबरी दोऱ्यांचे दोन झुपके. डोळे चिकटवणाऱ्या बाईचं त्या दिवशी लक्ष नसावं. माझा डावा डोळा जरा वर लागला. त्याचा फायदा असा झाला, की इमोजीनच्या दुकानात मला दार आणि गल्ला दोन्ही एकदम दिसायचं.

तलावाच्या तोंडाशीच तिचं दुकान. गांडुळांचे डबे, बर्फ, चुलीवर कायम रटरटणाऱ्या शेंगा, आणि मागच्या भिंतीवर आम्ही बेडूक. सगळ्या अलाबामात एवढी बेडकांची भिंत नाही असं ती सांगायची. खरंखोटं तिलाच ठाऊक.

त्या भिंतीसमोर मी काय काय माणसं पाहिली! लग्नाचा सूट घेतानाही इतका वेळ घालवला नसेल, तेवढा वेळ ते आमच्यापुढे उभे. हा हिरवा घेऊ की तो? याच्या पाठीवर ठिपके बरे की पट्टे? एक घ्यायचा, परत लावायचा, दुसरा घ्यायचा, बायकोला फोन करायचा. आणि गंमत अशी, की सगळे बघायचे पाठ. अहो, मासा पाण्याखाली असतो. तो खालून वर बघतो. त्याला माझ्या पाठीवरच्या नक्षीशी काय देणंघेणं? त्याला दिसतं पोट, आणि त्याच्यावरचं आभाळ.

हे ओळखून होता एकटा हॉलिस स्टीगॉल. तो आला की आधी दारातून आभाळ बघायचा, मग बेडूक उचलून सरळ उताणा करायचा. आभाळ भरलेलं असलं किंवा गवत दाट असलं, तर काळं पोट. लख्ख ऊन, विरळ गवत असलं, तर पांढरं. चपट्या, पिवळ्या पोटाच्या सूर्यमाशांची पिल्लं काठाला आली की पिवळं. तो जे उचलेल ते त्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीवरून संपायचं. एवढा त्याचा शब्द.

तर त्या दिवशी हॉलिस आत आला आणि मला उचललं. उताणा केला. बघितलं. मला घेऊन दारापर्यंत गेला, उन्हात धरलं, परत आत आला, परत दाराकडे गेला. मला त्याच्या बोटांची घाई कळत होती.

“पिवळ्या पोटाचा हा एकच उरला का गं?” त्याने विचारलं.

माझं पोट दुधासारखं पांढरं. इमोजीनने डेविटकडे बघितलं, डेविटने शेंगांकडे.

“तुला पिवळा म्हणायचा तर पिवळा,” ती म्हणाली. “मी कशाला भांडू? गिऱ्हाईक आहेस.”

हॉलिस हसला. पण उशिरा हसला.

डेविट म्हणजे त्याचा मेव्हणा, बायको ओझेलचा धाकटा भाऊ आणि बोटीतला वर्षानुवर्षांचा जोडीदार. त्याचा पायाचा अंगठा संधिवाताने टोमॅटोसारखा सुजला होता, म्हणून तो स्टुलावर पाय टाकून बसला होता आणि डॉक्टरने बंद केलेल्या खाऱ्या शेंगा खात होता.

“ओझेल बाहेर ट्रकमध्येच का बसलीये?” त्याने विचारलं.

“आज तिलाच चालवायची हौस आली.”

“हौस तिला वसंतापासून आहे वाटतं,” डेविट म्हणाला. “परवा चर्चलाही तीच घेऊन आली तुला.”

“तू तुझा अंगठा सांभाळ,” हॉलिस म्हणाला आणि मला खिशात टाकलं. मागे कुजबुज सुरू झाली, पण खिशात काय ऐकू येणार? जीव नुसता वरखाली होत होता.

घरी आल्यावर हॉलिसने मला मागच्या पडवीत नेलं. नवा बेडूक कधी तसाच पाण्यात टाकत नाहीत. आधी पायांचे झुपके कात्रीने कापतात, एक बाजू जराशी आखूड, म्हणजे दोरी ओढली की बेडूक डावी-उजवीकडे ठुमकत चालतो. हॉलिसने ते बोटांनी चाचपत केलं, अगदी नेमकं. मग पोट. शनिवारी ढग येणार असं रेडिओने सांगितलं होतं, म्हणून पोटाला काळा रंग हवा. टेबलावर एका कपात ओझेलची मार्कर पेनं होती, फ्रिजरमधल्या पिशव्यांवर नावं घालायची. त्यातलं एक त्याने उचललं, टोपण काढलं आणि मला रंगवायला घेतलं.

तो रंग काळा नव्हता. जांभळा होता. ताज्या वांग्यासारखा.

मी ओरडलो असतो, पण आमच्या तोंडाला दोरी बांधायचं भोक असतं, आवाज नसतो.

ओझेल समोरच शेंगांमधून वालाचे दाणे काढत बसली होती. तिचा हात थांबला.

“कुठला रंग लावतोयस?”

“काळा. शनिवारी ढग आहेत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून पुन्हा दाणे काढायला लागली. मला वाटलं, अगं बाई, सांग ना! पण ती तशी नव्हती. माणूस पडतोय असं दिसलं की ओरडण्याआधी त्याच्याखाली काहीतरी घालावं, अशातली ती.

“त्या क्लेमन्सच्या आयडाने मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं,” ती म्हणाली. “आता सुईत दोरा स्वतः ओवते.”

“माझ्या आईनेही करून घेतलं होतं.”

“ते किती जुनं, हॉलिस.”

“पट्टी सोडली त्या दिवशी मीच होतो तिथे,” तो म्हणाला. “मला हाताने चाचपून म्हणाली, कोण आहे?”

मोतीबिंदू हा शब्द तेव्हा मला पहिल्यांदा कळला, आणि कळलं ते असं. या माणसाला पांढरं पिवळं दिसतंय, जांभळं काळं दिसतंय. डॉक्टरकडे जायला तो मरणाला भ्यायल्यासारखा भितोय, आणि न जाता बोट चालवत राहायचं त्याने ठरवलंय.

बोटीबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे बोटीत पुढे जो उभा राहतो तो धनी. सुकाणू त्याचं. पायाखालची छोटी मोटर त्याची. बोट कुठे वळायची ते तोच ठरवणार आणि कुणी न ढवळलेल्या पाण्यात पहिला गळही तोच टाकणार. मागच्याने उरलंसुरलं पाणी हुंगत बसायचं. हॉलिस कधीच मागे बसला नव्हता. त्याच्या वडिलांनी पुढची जागा त्याला दिली, ती मरेपर्यंत त्याचीच, असंच सगळे धरून चालले होते. तोही.

“डेविट तर येऊ शकत नाही,” ओझेल शेवटी म्हणाली. “शनिवारी मी येते तुझ्याबरोबर.”

“तू? तुला गांडूळ हातात धरवत नाही.”

“बेडकाला कुठे गांडूळ लागतं?”

तो हसला. तिने ताट उचललं आणि तळलेल्या भेंडीचा वास येईपर्यंत आत काय चाललंय ते मला कळलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही धक्क्यावर. आभाळ राखेच्या रंगाचं, पाणी राखेच्या रंगाचं, दोघांच्या मधली रेघसुद्धा पुसलेली. क्लबची मासे पकडायची स्पर्धा होती. जोडीजोडीने माणसं, हातात कॉफी, तोंडात चेष्टा. मी हॉलिसच्या गळाच्या काठीला लोंबकळत होतो.

रस्कीन नावाचा एक जाडा गृहस्थ जवळ आला, मला उताणा केला आणि शीळ घातली.

“हॉलिस, हा कुठला रंग म्हणायचा?”

“काळा. दिसत नाही का तुला?”

“काळा!” रस्कीन बाकीच्यांकडे वळला. “ऐकलंत रे? हा काळा आहे म्हणतोय!”

सगळे खदाखदा हसले.

“असू दे, असू दे,” कुणीतरी म्हणालं. “नवीन काहीतरी सापडलंय याला. कशाला सांगेल आपल्याला?”

“ओझेल, तू तरी सांग! बायकोने भाजलेली गोड पाई घेऊन येतो तुझ्यासाठी!” रस्कीन म्हणाला.

“तुझ्या बायकोची पाई मी खाल्लीये, रस्कीन,” ओझेल म्हणाली. “ती आणलीस तर मुळीच सांगणार नाही.”

हशा तिकडे वळला. पण हॉलिसने टोपी पुढे ओढली आणि मला मुठीत धरलं. आपल्याला न कळलेल्या गोष्टीवर चारचौघांनी हसावं आणि आपणही हसून साजरं करावं, हे फार कठीण असतं हो. मी जवळून बघितलंय.

पहिल्या खाडीत, म्हणजे तलावाचं पाणी काठात आत शिरतं तिथे, तो निभावला. उगाच नाही, बापाचं पाणी होतं ते, झोपेतही गेला असता. पुढे पाणगवताचा गालिचा पसरलेला, इतका दाट की पाखरं त्यावर चालत होती. त्याने मला त्यावर फेकलं. मी ठुमकत चाललो. तळातून काहीतरी सरकतंय हे मला कळत होतं. मग गवत फाटलं, अंधारं तोंड आलं आणि मी आत.

इथे भलेभले चुकतात. उसळी दिसली की लगेच काठी झटकतात आणि बेडूक रिकामा उडून येतो. थांबावं लागतं. माशाने तोंड मिटून खाली वळायला हवं, दोरीला वजन यायला हवं. हॉलिस थांबला. त्याला तर उसळी धड दिसलीच नव्हती. त्याने आवाज ऐकला, वजन येऊ दिलं आणि मग मारला झटका. दांडगा बास मासा निघाला. माझ्या पोटावरचा जांभळा रंग त्याच्या ओठाला लागला होता.

“बघितलंस?” तो ओझेलला म्हणाला. पोरासारखा आवाज झाला होता त्याचा. “काळं पोट! बघितलंस ना?”

“बघितलं,” ती म्हणाली.

आणखी दोन-तीन मासे आले. मग त्याने जागा बदलायचं ठरवलं. काठ्या आडव्या टाकल्या, सुकाणूवर बसला आणि बोट सोडली. वारा माझ्या पोकळ पोटात शिट्ट्या घालत होता. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, आणि समोर बुडालेल्या झाडाचा एक राखाडी खुंट. मला दिसला. ओझेलला दिसला. हॉलिस सरळ त्याच्यावर निघाला होता.

“हॉलिस! डावीकडे! डावीकडे!”

त्याने सुकाणू फिरवलं. बोटीची कूस खुंटाला घासत गेली, असा आवाज झाला की माझे दोन्ही गळ थरथरले. ओझेल बाकावरून खाली आदळली, गुडघा फुटला. बोट गोल फिरून थांबली. पाणी हेलकावत राहिलं.

“काय होतं ते?” त्याने विचारलं.

“खुंट.”

“तरंगत होता का?”

“उभा होता. माझ्याएवढा उंच,” ती गुडघा धरून म्हणाली. “त्याच्यावर बगळा बसला होता, हॉलिस. बगळा!”

तो मागे वळून बघत राहिला. बगळा केव्हाच उडून गेला होता, पण त्याला तेही माहीत नव्हतं.

“मला बगळा दिसला नाही,” तो म्हणाला.

एवढंच. पण महिनोन् महिने दाबून ठेवलेलं काहीतरी तिथे सुटलं. त्याने मला हातात घेतलं, उताणा केला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ आणलं. त्याचे डोळे मीही जवळून बघितले. बुबुळामागे ताक सांडल्यासारखं होतं.

“हे पोट काळं नाही ना?”

“नाही.”

“मग?”

“जांभळं. वांग्यासारखं.”

त्याने मला मांडीवर ठेवलं. मग त्याच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. म्हणजे दोन्ही करत होता.

“म्हणून हसत होते होय, लेकाचे. तू तेव्हाच का नाही सांगितलंस? पडवीतच?”

“आंधळ्याला सांगितलं असतं मी,” ओझेल म्हणाली. “तू आंधळा नाहीस. हट्टी आहेस. हट्टी माणसाला स्वतः आपटल्याशिवाय कळत नाही. फक्त आपटताना मी बोटीत असावं म्हणून आले.”

“तुझा गुडघा—”

“गुडघ्याचं मी बघेन. तुझं काय करायचं ते बोल.”

“आईसारखं झालं तर?”

“झालं तर मी सांगेन तुला सगळे रंग,” ती म्हणाली. “एकेक. तुला कंटाळा येईपर्यंत. पण हे सुकाणू मी आज तुझ्या हातात ठेवणार नाही. खुंटावर आपटून मेलास, तर मी डेविटबरोबर जेवायचं का रोज?”

हॉलिस उठला. टोपी काढली, पुन्हा घातली. मग बोटीच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. त्या बाकाची गादी डेविटच्या वजनाने एका बाजूला दबलेली होती. ओझेल सुकाणूवर बसली, आणि आम्ही परत निघालो, इतके हळू की बदकं आमच्यापुढे गेली.

धक्क्यावर सगळ्यांनी बघितलं, स्टीगॉलांची बोट बाई चालवतेय आणि हॉलिस मागे. पण त्याहून जास्त बघितले ते मासे. पहिला नंबर नाही आला, तरी एका खाडीत तेवढे मासे त्या दिवशी कुणालाच मिळाले नव्हते. मग काय विचारता! रस्कीनने माझं पोट पुन्हा बघितलं आणि तडक इमोजीनचं दुकान गाठलं. तिच्याकडे जांभळी मार्कर पेनं कुठली असायला? बाजूच्या शहरातून खोका मागवावा लागला. आज या तलावावर निम्म्या बेडकांची पोटं जांभळी आहेत, आणि त्यांना मासे लागतात हो, चांगले लागतात. ढगाखाली माशाला जांभळं काय आणि काळं काय, गडद सावली हवी. हॉलिस कुणाचा गैरसमज दूर करत नाही. विचारलं तर म्हणतो, “ओझेलचा रंग आहे तो. तिला विचारा.”

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याला घेऊन कोण गेलं, पट्टी सोडताना कोण होतं, हे मी सांगायला नको. घरी आल्यावर त्याने मला मागवून घेतलं, खिडकीशी धरलं आणि म्हणाला, “अरे देवा! किती भयंकर दिसतोय हा!” मला राग आला नाही. दुसरा डोळा थंडी पडली की करणार आहेत. त्याची भीती अजून गेलेली नाही. तारीख निघाली की त्याचं जेवण कमी होतं.

माझं म्हणाल तर एका मोठ्या बासने माझं पोट फाडलं. आता पाणी आत शिरतं आणि मी बुडतो. बुडणारा बेडूक कुणाला हवा? ओझेलने पकडीने माझे गळ कापले आणि मला ट्रकच्या आरशाला टांगलं. आदर म्हणून म्हणे. आदराने जीव रमतो का? रबरी असलो तरी गवताचा वास विसरत नाही. वळण आलं की मी हेलकावतो, आणि थोडा वेळ वाटतं, फेकलं बरं का कुणीतरी.

त्या अर्ध्या बातमीचं काय झालं, हे परवा कळलं. ट्रक दुकानासमोर उभा होता आणि डेविट खिडकीला टेकून कुणाला तरी सांगत होता. “मी तर तेव्हाच म्हणालो होतो, शनिवारनंतर हॉलिस बोट विकणार, डोळे गेले त्याचे.” छान! डोळे गेले नाहीत. बोट विकली नाही. गेली ती फक्त पुढची जागा, आणि तीही घरातच. एवढं डेविटला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं तरी त्याच्या अंगठ्याशिवाय दुसरं काही त्याच्या डोक्यात शिरत नाही.

आणि आता नवीनच सुरू झालंय. धक्क्यावरून निघताना ओझेल पुढे असते, ते मी या काचेतून रोज बघतो. पण वळणापलीकडे गेल्यावर दोघं जागा बदलतात, असं लोक म्हणतात. वळण माझ्या नजरेच्या बाहेर. ट्रकच्या काचा चढवलेल्या, ऊन आत कोंडलेलं, आणि बाहेर दोन माणसं नेमकी याच गोष्टीवर बोलतायत, ओठ हलताना दिसतायत. तर कृपा करा. तुम्ही त्या धक्क्यावर आलात आणि आरशाला टांगलेला जांभळ्या पोटाचा बेडूक दिसला, तर काच जराशी खाली करा. बोटभर पुरे.